विश्राम म्हणायचं नाही

आबांना जमिनीवरून उठता येत नाही हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी नंदू त्यांच्यापासून दोन हात अंतरावर बसून खडू खात होती.

मी मंडईतून आले होते. दार नुसतं लोटलेलं. आत आबा, म्हणजे माझे सासरे, दिवाणाला टेकून फरशीवर बसले होते, पाय पसरून. नंदूचे ओठ निळे झालेले. आबा हात पुढे करून तिला सांगत होते, "थुक नंदे, थुक म्हनतो न्हवं!" आणि तो हात आपल्यापर्यंत पोचत नाही याचीच तिला गंमत वाटत होती. मी पिशव्या टाकल्या, तिच्या तोंडात बोट घालून खडू काढला, बेसिनवर धरून तोंड धुतलं. परत आले तरी आबा तिथंच.

"उठा ना आबा, चहा ठेवते."

"बसतो जरा. फरशी गार लागतीया."

टीव्हीवर त्यांना अजिबात न आवडणारी मालिका चालू होती. रिमोट दिवाणावर, त्यांच्या डोक्यामागे. सकाळचा पेपर दारात पडला होता तसाच.

"कधीपासून बसलाय?"

ते नंदूकडे बघत म्हणाले, "तू गेल्यापासनं. हिला चित्र काढायचं हुतं."

मी काखेत हात घालून त्यांना उचललं. दोनदा सुटले, तिसऱ्यांदा उभे राहिले. तेवढा वेळ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा परत आली, डावा हात बऱ्यापैकी आला, डावा पाय मात्र अजून ओढत टाकतात. घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. नवरा, वीरधवल, फौजेत, सध्या सिक्कीमला. मी साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते आणि नंदूसाठी घेतलेली लांबलचक रजा जूनमध्ये संपत होती. शाळा सकाळची. कामाच्या मनुबाई यायच्या दहाला. तोवर घरात नंदू आणि आबा, असं ठरलेलं. गॅस, पाण्याची बादली, जिन्याचं दार, प्लगची भोकं, सगळ्याचा विचार मी करून ठेवला होता. माणूस खाली बसेल आणि तिथंच राहील, हे तेवढं सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आईला सांगलीला फोन लावला. आई ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मी घेऊन जाते तिला. शनिवारी येत जा तू भेटायला." शनिवारी भेटायला. अडीच वर्षांच्या मुलीला. मी फोन ठेवला आणि आबांसमोर जाऊन बसले.

"आबा, स्पष्ट बोलते. राग मानू नका."

"बोल की."

"खाली बसून, कुणाचा हात न लागता तुम्हाला उठता आलं, तर नंदू इथं राहील. नाहीतर शाळा उघडायच्या आधी आई तिला न्यायला येईल."

"विश्रामबागेत?"

"हो."

माझं माहेर सांगलीत विश्रामबागेला. लग्न ठरलं तेव्हा आबा भेटेल त्याला सांगायचे, "सून विश्रामबागेची हाय, पन हितं आली की सावधान!" आणि स्वतःच हसायचे. आता ते हसले नाहीत. थोडा वेळ गुडघा चोळत बसले आणि म्हणाले, "कवापतूर?"

"शाळेच्या आदल्या दिवसापर्यंत."

"ठीक हाय." वरच्या साहेबानं काम सांगितल्यावर बोलावं तसे ते बोलले. मला वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी नंदूला अंघोळ घालून आले तर माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली होती. मनुबाईंना सोडायला आलेल्या त्यांच्या नवऱ्याकडून आबांनी ती उतरवून घेतली होती. तिच्यातून निघाली त्यांची फौजेतली सतरंजी, डांबरगोळ्यांच्या वासाची. आबा म्हसवडचे, सतराव्या वर्षी भरती झाले, आणि पुढं पलटणीत रंगरुटांना पीटी आणि योग शिकवायचे. उस्ताद म्हणायचे त्यांना. शीर्षासनात उभे राहून गप्पा मारायचे, असं वीरधवल सांगतो. झटका आल्यापासून मात्र सतरंजीला हात लावला नव्हता. मी सुचवलं होतं एकदा, तर म्हणाले होते, "अर्धं आसन म्हंजे आसन न्हवं. त्यापरीस न केलेलं बरं."

कॉलनीतल्या गणपतीच्या सभामंडपात सकाळी योगाचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या आम्रपाली मॅडम मिरजेला फिजिओथेरपी शिकलेल्या, तिशीतल्या, बोलायला तिखट. त्यांनी आबांचं चालणं एकदा पाहिलं आणि त्यांच्यापुढं प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली.

"खुर्चीवर योगा?" आबा म्हणाले. "मग एक टेबल बी द्या. अर्ज लिवतो बसून."

"शीर्षासन करायचात म्हणे तुम्ही."

"व्हय."

"ते मला नको आहे. मला तुम्ही खाली बसून वर आलेले पाहिजेत. बोला, खुर्ची धरणार की घरी जाणार?"

आबांनी खुर्ची धरली.

मी नंदूला मांडीवर घेऊन मागं खांबापाशी बसायचे. वर्गातले निम्मे पुरुष निवृत्त फौजी. गुडघे गेलेले, पाठी धरलेल्या, पण रांग अशी सरळ की दोरी धरावी. पहिल्याच दिवशी वृक्षासन होतं, म्हणजे एका पायावर उभं राहणं. ज्यांना जमत नाही त्यांनी नुसती टाच उचलायची, खुर्चीला धरून. आबा उजवी टाच उचलून डाव्या पायावर उभे होते. पोटरी थरथरताना मला लांबून दिसत होती. मॅडमनी आकडे मोजले आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "विश्राम."

धप्प असा एकच आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे डावे पाय बाजूला पडले, हात पाठीमागं गेले, छात्या पुढं आल्या. आबांचेही हात खुर्ची सोडून पाठीमागं गेले. पाय मात्र गेला नाही. ते झाडासारखे आख्खे कलले. शेजारच्या उदयसिंह काकांनी त्यांचा सदरा मुठीत धरला म्हणून.

"अवं मॅडम," काका म्हणाले, "हितं विश्राम म्हनू नगासा! सगळी पलटन हाय ही. पाय आपसूक जातोय."

"मग काय म्हणू?"

"सैल सोडा म्हना."

मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मॅडमही हसल्या, आबासुद्धा. मला हसू आलं नाही. मी पाहिलं होतं: शब्द कळायच्या आधीच हात सुटले होते.

त्यानंतर वर्गात 'सैल सोडा' सुरू झालं. घरी आबा दिवाणापाशी सतरंजी टाकायचे. मॅडमनी उठायची रीत शिकवली होती. आधी कुशीवर वळायचं, मग हातापायांवर रांगतं यायचं, मांजरासारखं. मग दिवाणावर हात टेकून उजवं पाऊल पुढं घ्यायचं आणि वर. रांगतं होईपर्यंत आबांना जमायला लागलं. नंदू शेजारी मांजर व्हायची, म्यांव करायची. पाऊलही पुढं यायला लागलं. पण तिथून वर काही येईनात. एक गुडघा जमिनीवर, एक पाऊल पुढं, दोन्ही हात दिवाणावर, असे ते अडकायचे, घाम गळायचा, आणि शेवटी मला बोलवावं लागायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडायच्या निमित्तानं उभीच असायची.

"आज जरा वर आला होतात," मी एकदा म्हटलं.

"वर न्हाई आलो. खोटं बोलू नगं." मग सतरंजीची घडी घालत म्हणाले, "हुकूम सोडल्यावर पाय जायाचा आमचा. आता मीच सांगतो, तर ऐकत न्हाई. मला वळखत न्हाई त्यो."

वीरधवलचा फोन आला, त्याला मी सगळं सांगितलं. "तू समोर आहेस, तू ठरव," म्हणाला. मला तेच नको होतं.

तिकडं आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि नंदूकडून घोकून घ्यायची.

"आमची राजनंदिनी कुठं येणार?"

"विश्राम!" नंदू दम घ्यायची, मग उरलेलं ओरडायची, "बाग!"

तिचे शब्द वयाच्या मानानं स्वच्छ आहेत, मला त्याचं कौतुक होतं. आबा तेव्हा दिवाणावर बसलेले असायचे, फोनकडे पाठ करून. त्यांचे हात मांडीवरून हलायचे मी पाहिले होते. दोन्ही हात, किंचित मागं. पाहिलं होतं, आणि तरी मी आईला सांगितलं नाही की तिला हे शिकवू नकोस. आईला काय वाटेल, असं काहीतरी मनात आलं असेल.

शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी सकाळी आई गाडी करून सांगलीहून निघाली. नंदूची बॅग भरून दारापाशी ठेवली होती. आबा उठले तर उघडायची, नाहीतर उचलायची. आबांनी अंघोळ करून स्वच्छ बनियन घातलं, कपाळाला अंगारा लावला. "विहीणबाई येऊ देत. त्यांच्याफुडंच करून दावतो," म्हणाले. तोवर पाय मोकळा करायला खुर्ची धरून उभे राहिले, उजवी टाच उचलून, सगळा भार डाव्या पायावर घेऊन. मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि दारातून त्यांच्याकडे बघत होते. मोबाईल ओट्यावर वाजला. आई म्हणाली, "नागठाणे सोडलं, आलेच. माझी राजनंदिनी तयार आहे ना?"

फोन मी स्पीकरवरच घेतला होता. आतल्या खोलीतून नंदू धावत आली, बाहुलीचा एक पाय हातात धरून. आजीचा आवाज आला की काय म्हणायचं हे तिला पाठ होतं. आबांच्या अगदी पुढ्यात थांबून ती सगळा जीव एकवटून ओरडली,

"विश्राम!"

हात सुटले.

मी "आबा!" म्हणाले की नाही ते आठवत नाही. मला दिसलं ते असं: दोन्ही हात पाठीमागं गेलेले, आबा पुढं, नंदूवर येतायत, आणि मधेच त्यांनी अंग पिळलं. खांदा वळवला आणि दिवाणाच्या कडेला घासून डाव्या कुशीवर आदळले. खुर्ची उलटी होऊन लांब गेली. नंदू त्यांच्या पायांपाशी उभी होती, बाहुली तशीच हातात, आणि आता "बाग" तिच्या तोंडातून निघत नव्हतं.

मागं दूध उतू गेल्याचा वास आला. मी गॅस बंद केला, का केला देव जाणे, आणि धावले.

"पोरीला बघ आधी," आबा खालूनच म्हणाले.

मी तिचं डोकं, हात, पाय चाचपले. काही नव्हतं. ती रडतही नव्हती, अंगठा तोंडात घालून आबांकडे बघत होती.

"तिला काही नाही. तुम्हाला कुठं लागलं? थांबा, उचलते मी."

"हात लावू नगं!"

असा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. मी जागच्या जागी थांबले.

"डोक्याला न्हाई लागलं. कोपर सोललंय. आता सरक मागं."

"आबा, आज राहू दे. हाड मोडलं असेल तर?"

"मोडलं आसंल तर समजंल. सरक."

मी सरकले. नंदूला उचलून भिंतीला टेकले. माझे हात तिच्याभोवती इतके आवळले होते की ती कुरकुरली. आबा कुशीवरून पालथे झाले. रांगते आले. कोपरातून रक्ताचा एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. रांगत दिवाणापर्यंत आले, तळवे वर टेकले. उजवं पाऊल पुढं आलं. आणि तिथंच, रोजच्या ठिकाणी, अडकले. मान खाली, पाठ थरथरतेय.

बाहेर गल्लीत गाडी वळल्याचा आवाज आला. हॉर्न वाजला. आईच होती, ती गाडीवाल्याला नेहमी आमच्या फाटकाशी हॉर्न द्यायला लावते.

"नंदे," आबा धापा टाकत म्हणाले, "सावधान म्हन. तुला येतंय न्हवं? म्हन, बाळा. सावधान."

नंदूनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. तिच्या एका शब्दानं आबा पडले होते, आणि हे तिला समजलं होतं. ती दुसरा शब्द काढणार नव्हती.

"म्हन की गं."

तिनं मान हलवली. आबांचा डावा हात दिवाणावरून घसरायला लागला. बाहेर गाडीचं दार वाजलं, आईची चप्पल वाजली. एक पाऊल पुढं टाकलं असतं आणि त्यांना धरलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. बॅग भरलेली होतीच.

सासऱ्यांपुढं मी कधी चढ्या आवाजात बोललेली नाही. पण वर्गात साठ मुलं असली की एक आवाज निघतो, पोटातून, तो मला येतो.

"सा...वधान!"

आबांची मान वर आली. मग पाठ. डावा गुडघा जमिनीवरून सुटला, पाय थरथरत आला आणि उजव्याशेजारी टाच लागली. हात दिवाण सोडून मांड्यांना चिकटले. ते उभे होते. हलत होते, वाऱ्यात फांदी हलते तसे, पण उभे होते.

दारात आई होती. एका हातात आंब्यांची पिशवी, दुसरा तोंडावर.

"विहीणबाई, या," आबा न हलता म्हणाले. मग हळूच माझ्याकडे, "सूनबाई, आता सैल सोडा म्हन. दुसरं कायबी म्हनू नगंस."

"सैल सोडा," मी म्हटलं, आणि खुर्ची सरळ करून त्यांच्यामागं सरकवली.

आईनं फरशीवरचे थेंब पाहिले, खुर्ची उलटी पडली होती हेही पाहिलं. "काय झालं पाहुणं?"

"पडलो."

"आणि नंदू?"

"फुडंच हुती. थोडक्यात वाचली."

त्यांना झाकता आलं असतं. मीही झाकलं असतं कदाचित. आई माझ्याकडे वळली. "ऐकलंस? आणायची ना बॅग?"

"थांबा विहीणबाई," आबा म्हणाले. "आमची अट हुती. एकट्यानं उठायचं. मी एकट्यानं उठलो न्हाई. हिनं हुकूम दिला तवा उठलो. तुमी पोरीला न्या."

ते नंदूकडे बघत नव्हते. परत कॅलेंडरकडे बघत होते.

"अट एकट्यानं उठायची नव्हती," मी म्हटलं. "कुणाचा हात न लागता, अशी होती. मी हात लावला नाही."

"अगं, असलं कायद्यानं पोर सांभाळतात का?" आई म्हणाली. "उद्या तू शाळेत. हुकूम कोण देणार?"

आई बरोबर होती, नेहमीसारखीच. मी नंदूला खाली ठेवलं. मला वाटलं ती आजीकडं धावेल. ती आबांच्या खुर्चीपाशी गेली, सोललेल्या कोपराकडे तिनं बोट केलं, पण लावलं नाही, आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसली.

"पडताना त्यांनी अंग वळवलं, आई," मी म्हटलं. "हिच्यावर येत होते ते. डाव्या बाजूला वळवलं. ती बाजू दोन वर्षं वळत नव्हती. मी बघत होते."

"आणि परत पडले तर?"

"माहीत नाही."

आंब्यांची पिशवी माझ्या हातात देऊन आई म्हणाली, "आधी त्यांचा फोटो काढून आण हाताचा." दुपारी आम्ही एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. आई संध्याकाळी गेली ती गाल फुगवूनच. बॅग मी उघडली. आणि घरात नियम केला की विश्रामबाग म्हणायचं नाही. आजी सांगलीला राहते, एवढं पुरे.

सोमवारी शाळेत मैदानावर राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. मी सातवीच्या रांगेमागं उभी होते, हातात मोबाईल धरून. पीटीचे सर माइकवर ओरडले, "विश्राम!"

शेकडो पाय एकदम बाजूला पडले. मी रांगेमागून जिन्याखाली गेले आणि घरी फोन लावला.

वाजत राहिला. आबांचा फोन टीव्हीच्या टेबलावर असतो. दिवाणापासून चार पावलं. वाजून वाजून बंद झाला. मी परत लावला. मनुबाई यायला अजून वेळ होता. शेजारच्यांचा नंबर डोळ्यापुढं येईना. मैदानावर मुलं वर्गाकडे वळायला लागली होती, आणि मी मनात रिक्षा धरून घरी पोचलेसुद्धा होते, दार लोटलेलं, फरशीवर...

"हॅलो." धाप लागलेला आवाज.

"आबा! काय झालं? नंदू कुठाय?"

"ही काय, आगगाडी करतीया काड्यापेट्यांची. खाली बसलो हुतो आमी दोघं. तू फोन केलास, मग उठाय लागलं."

"हुकूम कुणी दिला?"

"कोन देनार? ही तर त्वांड उघडत न्हाई, शानी झालीया. फोन वाजाय लागला, म्हटलं तूच असशील, घाबरलेली. उठलो." मागं नंदू काहीतरी ओरडली, आगगाडी घसरली असावी. "बरं, ठेव आता. परत खाली बसायचं हाय मला."